कानाचं काम काट्यानं केलं!

"मावशी, टॉर्च जरा वर धर ना! आणि हलू नकोस गं!"

भाचीचा आवाज मोटारीच्या डॅशबोर्डाखालून येत होता. तिचे पाय दाराबाहेर, डोकं स्टिअरिंगखाली आणि मी अर्धी वाकून टॉर्च धरून उभी. कंबर मोडून आली होती. अमेरिका पाहायला म्हणून मी ताईकडे मिशिगनला गेले, आणि पहिल्याच आठवड्यात माझी नेमणूक झाली ती ही, टॉर्च धरणारी मदतनीस म्हणून! पण खरं सांगते मैत्रिणींनो, त्या दोन महिन्यांत पाहिलेल्या सगळ्या प्रेक्षणीय स्थळांपेक्षा शेजारच्या गॅरेजमधले ते तीन दिवस जास्त लक्षात राहिले.

ही गोष्ट २०२३ सालच्या उन्हाळ्यातली. ताईच्या शेजारी एक बाई राहतात. वय पंच्याहत्तरीच्या पुढं. तिकडं सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात, पण आपली जीभ कुठं वळते! मी त्यांना सरळ 'काकू' म्हणायला लागले. अर्थ सांगितल्यावर त्यांनाही ते आवडलं. काकूंचे यजमान डेट्रॉईटजवळच्या हॅमट्रॅम्क गावात डॉज कंपनीच्या जुन्या कारखान्यात कामाला होते. १९८० च्या जानेवारीत तो कारखाना बंद पडला, नोकरी गेली, पण तिथं असताना घेतलेली एक गाडी त्यांनी शेवटपर्यंत जपली. १९६८ सालची डॉज चार्जर. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले आणि गाडी गॅरेजमध्ये चादरीखाली गेली.

ही गाडी म्हणजे काय प्रकरण आहे, ते मला भाचीनं समजावलं. ती तिकडं मेकॅनिकल इंजिनीअरिंग करतेय. साठच्या दशकात अमेरिकेत 'मसल कार' नावाची एक जातच तयार झाली. मसल म्हणजे स्नायू, तेव्हा आपण पैलवान गाडी म्हणूया! मध्यम बांध्याच्या गाडीत भलंमोठं इंजिन बसवायचं आणि तरुण पोरांना परवडेल अशा किमतीत विकायचं. १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून ही लाट उसळली असं मानतात. चार्जर तिच्या भर मध्यावरची. १९६८ सालच्या मॉडेलच्या नव्वद हजारांहून जास्त गाड्या बनल्या. त्याच वर्षी आलेल्या 'बुलिट' सिनेमातल्या प्रसिद्ध पाठलागात जी काळी गाडी धावते, ती हीच. पुढं धुरावरचे कायदे आले, विम्याचे हप्ते वाढले, १९७३ चं तेलसंकट आलं आणि पैलवानांचा आखाडा बसला. उरल्या त्या गाड्या आता लोक घरच्या दागिन्यासारख्या सांभाळतात.

दागिना म्हटलं की वाटणी आलीच! काकूंच्या दोन्ही मुलांचं म्हणणं, गाडी विकून टाकावी. चांगली किंमत येते आहे, ठेवून करायचं काय? मुलं वाईट नाहीत हो. त्यांना आईची काळजी होती. कारण यजमान गेल्यानंतर काकूंनी एकदा हौसेनं गाडी बाहेर काढली होती. गाडीला हातानं बदलायचे चार गिअर. काकू लांबच्या लांब रस्ता दुसऱ्याच गिअरमध्ये चालवत राहिल्या. इंजिन तापलं, वास सुटला, रस्त्यातल्या कुणीतरी हात करून थांबवलं. थोरल्यानं त्या दिवशी किल्ली स्वतःकडे नेऊन ठेवली.

"तुम्हाला गिअर बदलायचं माहीत नव्हतं का?" मी भीत भीत विचारलं.

काकूंनी कानातलं यंत्र दाखवलं. म्हणाल्या, "लग्नापासून हीच गाडी चालवत आले मी. गिअर कानानं बदलायचा असतो. इंजिनचा सूर चढला की पुढचा गिअर, उतरला की मागचा. आता मला घरघर नुसती अंगाला जाणवते, सूर कळत नाही."

मला एकदम आपला कुकर आठवला. आपण कुठं घड्याळ लावतो? शिट्टीच्या आधीची फुसफुस ऐकूनच कळतं की आता होणार. तोच कान गेला तर?

गाडी विकायची की नाही, हा प्रश्न खरं तर एका ऐकू न येणाऱ्या सुरापाशी येऊन अडला होता. आणि त्यावर एक साधा इलाज होता. टॅकोमीटर.

शिलाई मशीन आणि मोटार

आपल्याकडच्या बऱ्याच चारचाकींत स्पीडोमीटरच्या शेजारी दुसरी एक तबकडी असते. तिच्यावर १, २, ३, ४ असे आकडे असतात. मी इतकी वर्षं आमच्या गाडीत शेजारी बसून ती पाहते, पण ती काय सांगते ते कधी विचारलं नव्हतं. ह्यांनीही कधी सांगितलं नाही. (त्यांना तरी माहीत आहे की नाही, देव जाणे!)

भाचीनं समजावायला सुरुवात केली, तशी मी म्हटलं, "थांब, हे शिलाई मशीनसारखंच झालं की!" मशीनवर बसलं की दोन गोष्टी होतात. चाक फिरतं आणि कापड पुढं सरकतं. टाका बारीक ठेवला तर चाक भराभर फिरूनही कापड इंचभरच सरकतं. टाका मोठा केला की तेवढ्याच फेऱ्यांत वीतभर पुढं जातं. गिअरचं तसंच. पहिला गिअर म्हणजे बारीक टाका, चौथा म्हणजे मोठा. स्पीडोमीटर सांगतो कापड किती वेगानं सरकलं. टॅकोमीटर सांगतो चाक मिनिटाला किती फेऱ्या फिरलं. काटा ३ वर असेल तर मिनिटाला ३००० फेऱ्या. म्हणजे गाडी किती पळते आहे हे एक काटा सांगतो आणि ती पळण्यासाठी इंजिन किती राबतं आहे हे दुसरा सांगतो. जग बघतं तो पहिला काटा. दुसरा कुणी बघत नाही. बायकांना हे आणखी उलगडून सांगायला नकोच!

काकूंना ऐकू येत नव्हतं, पण दिसत तर छान होतं. सूर कानाला कळत नाही, तर डोळ्यांना कळवावा. काटा पंचवीसशे-तीन हजारांच्या मध्ये आला की गिअर वर टाकायचा, फार खाली आला की उतरवायचा. झालं!

पण डॅशबोर्डाला हात लावायचा नाही

इथं काकूंनी अट घातली. "टॅकोमीटर लाव, पण डॅशबोर्ड होता तसाच दिसला पाहिजे. एकही भोक पाडायचं नाही. तो पन्नासहून जास्त वर्षं ज्याच्याकडे बघत होता, ते मला तसंच हवंय."

ही अट नुसती भावनेची नव्हती. अशा गाड्यांची किंमत त्यांच्या मूळपणात असते. पत्र्याला एकदा भोक पडलं की ते बुजवता येतं, पण न पाडल्यासारखं करता येत नाही. त्या काळात पोरं काय करायची, तर बाजारातून मोठा टॅकोमीटर आणून स्टिअरिंगच्या दांड्यावर क्लॅम्पनं आवळून टाकायची, आपण नळाच्या पाइपाला आवळतो तसा. पाँटिअॅकनं तर १९६७ पासून बॉनेटवर, काचेच्या बाहेर बसवलेला टॅकोमीटर देऊ केला होता! काकूंना यातलं काहीच नको होतं.

मग उत्तर सापडलं ते कंपनीच्याच जुन्या यादीत. चार्जर नवी घेताना गिऱ्हाइकाला जादा पैसे भरून टॅकोमीटर घेता यायचा. आणि तो वेगळ्या जागी नाही, तर घड्याळाच्याच जागी बसायचा. एकाच तबकडीत घड्याळही आणि टॅकोमीटरही. नाव काय, तर 'टिक-टॉक-टॅक'! ऐकूनच मला हसू आलं. काकूंच्या यजमानांनी १९६८ मध्ये पैसे वाचवायला तो घेतला नव्हता, नुसतं घड्याळ घेतलं होतं. आणि त्या काळच्या बहुतेक मोटारींच्या घड्याळांसारखं तेही केव्हाच बंद पडलं होतं.

तशाच दिसण्याची नवी तबकडी आज बनवून मिळते. किंमत काही शे डॉलर. ज्यांच्याकडे मूळ जुना टॅकोमीटर असतो ते लोक आणखी एक करतात. बाहेरचा डबा, तबकडी, काटा जुनाच ठेवायचा आणि आतलं सर्किट तेवढं नवं घालून घ्यायचं. काकूंकडे जुना नव्हताच, म्हणून नवा मागवला. थोरल्या मुलाला काही सांगायचं नाही असं ठरलं. दुसरी किल्ली काकूंच्या शिवणाच्या डब्यात होती, हे त्याला माहीत नव्हतं!

तीन दिवसांची शस्त्रक्रिया

पहिलं काम, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवणं. हे भाचीनं मला दोनदा बजावून सांगितलं. या जुन्या गाड्यांत बॅटरी चार्ज करणारा सगळा करंट डॅशबोर्डामागच्या अॅमीटरमधून फिरून जातो. किल्ली बंद असली तरी तिथल्या तारा जिवंत असतात. एखादा पाना चुकून टेकला तर ठिणगी आणि आग. घरातला फ्यूज बदलण्याआधी आपण मेन स्विच बंद करतो ना, तेच शास्त्र.

मग स्टिअरिंगचा दांडा थोडा खाली सोडला, चौकटीचे स्क्रू काढले, स्पीडोमीटरची केबल मागून सोडवली आणि सगळी तबकड्यांची चौकट हळूहळू पुढं ओढली. प्रत्येक तार सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो आणि तारेला कागदी पट्टीवर नंबर. हे नंबर लिहायचं काम माझं. बी. ए. झाल्याचा एवढा उपयोग कधी झाला नव्हता!

टॅकोमीटरला तारा लागतात चार-पाचच. किल्ली फिरवल्यावर मिळणारी वीज, घड्याळासाठी कायम चालू असणारी वीज, एक अर्थिंग, दिव्याची एक. आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे इंजिनकडून निरोप आणणारी तार. ती इग्निशन कॉइलच्या निगेटिव्ह टोकाला जोडायची. इंजिनमध्ये पेट्रोल पेटवायला ठिणगी पडते, ती तिथूनच. टॅकोमीटर बिचारा या ठिणग्या मोजतो. आठ सिलिंडरच्या या इंजिनात एका फेरीला चार ठिणग्या पडतात. म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्या झाल्या की १२ हजार ठिणग्या! म्हणून तबकडी आठ सिलिंडरसाठीचीच हवी. सहा सिलिंडरची लावली तर ३००० ला ४००० दाखवेल आणि माणूस उगाच घाबरेल. आणखी एक खबरदारी. पेट्रोल आणि तापमानाच्या काट्यांना या गाडीत वीज कमी करून, पाचेक व्होल्टचीच देतात. तिथून टॅकोमीटरला वीज घ्यायची नाही, त्याला पूर्ण बारा व्होल्ट लागतात.

भाचीचा नीटनेटकेपणा बघून मला तिच्या आजीची, म्हणजे माझ्या आईची आठवण झाली. आई रफू करायची तेव्हा धागा त्याच कापडाच्या शिवणीतून ओढून काढायची. भाचीनं नवी तार जुन्या तारांच्या जुडग्यातूनच नेली, इंजिनकडे जाताना पत्र्याच्या आधीच्याच भोकातून रबरी कडं घालून ओवली आणि वरून पट्टी गुंडाळली. तीही चिकट नव्हे. त्या काळी कारखान्यात तारांना बिनचिकट पट्टी गुंडाळायचे, म्हणून हिनं तसलीच आणली. कुणाला दिसणार होतं ते आत? "मला माहीत असणार ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तबकडी जागेवर बसली. माप अगदी चोख. पण आम्ही तिघी बघतच राहिलो. नव्या तबकडीचे आकडे पांढरेशुभ्र आणि शेजारची मंडळी पिवळट, धुळकट. नवी नवरी जुन्या घरात पहिल्या दिवशी उठून दिसते तशी! आता काय करावं? नवीला मळवायचं? भाचीनं उलटं केलं. बाकीच्या तबकड्यांच्या काचा काढून, मऊ फडक्यानं आतून-बाहेरून पुसून, पॉलिश करून घेतल्या. पंचावन्न वर्षांचा धुरळा निघाला. तासाभरात सगळ्याजणी एका घरच्या दिसायला लागल्या. नवीनं कोमेजायचं नाही, जुन्यांनी जरा उजळायचं. मला हे फार आवडलं.

तिसऱ्या दिवशी बॅटरी जोडली, गाडी सुरू केली. जमीन हादरली म्हणा ना! काकूंनी डोळे मिटून आधी हात डॅशबोर्डावर ठेवला. पण काटा? काटा वेड्यासारखा नाचत होता. ५०० वर, १५०० वर, पुन्हा शून्य. माझ्या पोटात गोळा आला. आता हिनं काहीतरी बिघडवलं आणि मुलं म्हणतील, सांगितलं होतं! भाची शांत. पुन्हा डोकं खाली, पुन्हा टॉर्च. अर्थिंगचा स्क्रू रंगाच्या थरावर आवळला गेला होता, खालच्या धातूला टेकतच नव्हता. टिकलीएवढा रंग खरवडला, स्क्रू पुन्हा आवळला आणि काटा ७५० च्या आसपास येऊन गुमान उभा राहिला. हातातल्या वेगळ्या मीटरनंही तपासलं. आकडा जुळला.

काकूंनी काढलेलं जुनं घड्याळ यजमानांच्या रुमालात गुंडाळून समोरच्या कप्प्यात ठेवलं. त्यावर चिठ्ठी लिहिली की हे मूळचं, फेकू नये. उद्या कुणाला गाडी पुन्हा जशीच्या तशी करायची असेल तर चार स्क्रूंचं काम.

वुडवर्ड अॅव्हेन्यू

डेट्रॉईटकडे वुडवर्ड अॅव्हेन्यू नावाचा प्रसिद्ध रस्ता आहे. साठच्या दशकात तरुण पोरं संध्याकाळी या गाड्या तिथंच फिरवायची. १९९५ मध्ये फर्नडेल गावात मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे जमवायचे होते, म्हणून काही लोकांनी जुन्या गाड्यांची मिरवणूक काढली. आज तो ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारचा 'ड्रीम क्रूझ' म्हणून मोठा उत्सव झालाय. (वर्गणीतून काय काय उभं राहतं, ते आपल्या मंडळांना सांगायला हवं!) शनिवारी गाड्या मुंगीच्या पावलानं चालतात, पण आधीच्या आठवडाभर संध्याकाळी लोक फिरत असतात. आम्ही गुरुवारी गेलो.

पण त्याआधी काकूंनी आठवडाभर रोज पहाटे मोकळ्या रस्त्यावर सराव केला. आधी फक्त काटा बघायच्या, मग काटा आणि हाताला जाणवणारी थरथर. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "मला आता दर वेळी बघावं लागत नाही. पंचवीसशेची थरथर मला ओळखू यायला लागलीय." म्हणजे काट्यानं नुसतं कानाचं काम केलं नाही, त्यानं हातालाही ऐकायला शिकवलं!

गुरुवारी संध्याकाळी निघणार एवढ्यात दारात थोरल्याची गाडी. आमचे चेहरे बघण्यासारखे झाले. काकू मात्र शांतपणे म्हणाल्या, "बस शेजारी." तो काही न बोलता बसला. आम्ही मागं. काकूंनी गाडी काढली. पहिला, दुसरा, काटा वर, तिसरा. एक धक्का नाही. सिग्नलला थांबताना बरोबर खाली उतरवला. वुडवर्डला लागेपर्यंत चौथा. फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेली माणसं हात हलवत होती. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई चार्जर हाकते आहे, हे बघून मुलीबाळी ओरडत होत्या.

मोटारींच्या शर्यतीत अमेरिकन बायका मागं नाहीत बरं. शर्ली मुल्डाउनी नावाच्या बाईनं १९७७, १९८० आणि १९८२ मध्ये तिथल्या ड्रॅग रेसिंगच्या सगळ्यात वरच्या गटाचं विजेतेपद मिळवलं होतं. पण त्या संध्याकाळी आमच्यासाठी विजेत्या काकूच!

मुलगा बराच वेळ डॅशबोर्डाकडे बघत होता. त्याचे वडील बसायचे त्या जागेकडे, आईच्या हाताकडे, तबकड्यांकडे. मी श्वास रोखून बसले होते. शेवटी तो म्हणाला, "आई, घड्याळ चालू झालं?"

भाचीनं माझा हात एवढ्या जोरात दाबला की बांगडी रुतली. पंचावन्न वर्षांच्या त्या डॅशबोर्डावर लहानाचा मोठा झालेला मुलगा, पण त्याला नवीन काही दिसलंच नाही. दिसलं ते इतकंच की जे बंद होतं ते चालू झालंय. काकू हसल्या. म्हणाल्या, "हो. आणि त्याच्याकडे नीट बघ जरा."

मग त्यानं बघितलं. काटा, आकडे, आई. काही वेळ तो काहीच बोलला नाही. घरी परत आल्यावर त्यानं खिशातून पहिली किल्ली काढली आणि स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवली. गाडी विकण्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढं निघेलही कदाचित. पण आता तो काकूंच्या मर्जीनं निघेल.

जाता जाता

आपण म्हाताऱ्या माणसांना मदत करतो ती कशी करतो? बहुतेक वेळा काढून घेऊन. 'तुम्हाला होत नाही ना, मग नका करू.' स्कूटर विकतो, शिलाई मशीन माळ्यावर टाकतो, गॅसपाशी जाऊ देत नाही. काळजीपोटीच करतो, नाही असं नाही. पण नेमकं काय होत नाही, हे विचारायला आपण थांबतो का? काकूंना गाडी चालवता येत होती, फक्त सूर ऐकू येत नव्हता. तेवढ्याच जागी, तेवढंच, बेमालूम बसवलं. घर न मोडता, त्यांना ओशाळं न करता, आणि जुनं काढलेलं जपून ठेवून.

गावी कराडला परत आले त्या दिवशी विमानतळावरून येताना मी गाडीत पुढं बसले. हे चालवत होते. घाटात गाडी कण्हायला लागली. मी दुसऱ्या तबकडीकडे बघितलं आणि म्हटलं, "अहो, गिअर उतरवा. इंजिन दमलंय."

ह्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. पण गिअर उतरवला!